सचिवांच्या पत्त्यावर

दांडी, मालवण
८ जानेवारी २०२५

मा. सचिव मॅडम,

वर असं लिहायला मीच सुनेला, शर्मिलाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो आई, पोटच्या मुलीला कोण असं लिहितं?" मी म्हटलं, मुलीचा पत्ता आपल्याकडे नाही, सचिवांचा आहे. ज्याचा पत्ता, त्याचं नाव. आत तू बसलेली असशील तर वाच. नसशील तर ज्याच्या हातात हे पडेल त्याने तुला वाचून दाखवावं. मलाही सगळं दुसऱ्यानेच वाचून दाखवलेलं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पत्ता मिळाला घाटावरच्या हॉस्पिटलात. तिथे तपासणीच्या खिडकीला तुमच्या सोसायटीचं पत्रक चिकटवलंय. माणसाच्या अंगातला तुकडा त्या मोठ्या यंत्राखाली, शर्मिला त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप म्हणते, बघायचा असेल तर तो कसा पाठवावा, कशात बुडवावा, असलं सगळं. शर्मिलाने त्याचा फोटो काढून आणला आणि घरी मला वाचून दाखवला. तळाशी आली आणि थांबली. "डॉ. कावेरी तांडेल, सचिव." अकरा वर्षं आमचा फोन उचलत नाहीस, पण तांडेल लावतेस. बरं वाटलं. एवढंच म्हणते, जास्त म्हटलं तर तू पत्र इथेच फाडशील.

आमच्याकडे सोसायटी म्हणजे मच्छीमारांची. डिझेलचा कोटा, निवडणूक आणि वर्षातून एकदा खुर्च्यांची फेकाफेक. तुमच्या सोसायटीत काय फेकतात?

आता कामाचं. माझ्या विराजची लेक अवनी, तुझी भाची. तू गेलीस तेव्हा ती अडीच वर्षांची होती, तुझ्या चपला घालून अंगणात फिरायची. आता चौदाव्यात आहे. गेल्या गणपतीपासून सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेले असतात आणि लघवीला फेस येतो. गोळ्या चार महिने झाल्या. गोळ्यांनी फेस गेला नाही, चेहरा मात्र वड्यासारखा फुगला. शाळेत पोरी काय म्हणतात ते ती मला सांगत नाही. मी विचारत नाही.

डॉक्टरांनी सुई घालून किडनीचे दोन तुकडे काढले. एक तिथेच साध्या यंत्राखाली बघितला, त्यात धड काही कळलं नाही. दुसरा मुंबईला, तुमच्यातल्या मोठ्या यंत्राकडे. डॉक्टर म्हणाले, आजार दोनांपैकी एक. पहिला असेल तर त्याला मोठं औषध आहे, मुलगी बरी होऊ शकते. दुसरा घराण्यातून उतरतो. तो असेल तर तेच औषध पोरीचं अंग पोखरेल आणि किडनीला कवडीचा उपयोग नाही. कुठला ते त्या यंत्रातच दिसणार.

त्या तुकड्याची डबी विराज स्वतः घेऊन गेला, डिसेंबरात, रविवारच्या गाडीने. शनिवारी ती घरी होती. मी राखली. त्याबद्दल काही विचारायला नको.

रिपोर्ट अजून नाही. तुझी तिथे ओळख असेल. त्यांना सांग, नीट बघा म्हणावं. आमच्या घरातली आहे असं सांगायचं की नाही ते तुझं तू बघ.

आई
(अंगठा शर्मिलाने घेतला आहे. शाई जास्त लावली, त्यामुळे तो अंगठा कमी आणि कालवाची शिंपी जास्त दिसतो.)


दांडी, मालवण
४ फेब्रुवारी २०२५

कावेरी,

तुझं पत्र आलं. छापील. वर सोसायटीचा शिक्का, मध्ये तीन ओळी, खाली सही. शर्मिलाने वाचलं: नात्यातल्या रुग्णाचा नमुना स्वतः तपासायचा नाही, असा नियम आहे; मुंबईच्या केंद्राला विनंती करून तो मंडळाच्या मासिक सभेपुढे ठेवता येईल; नाव न घालता, फक्त क्रमांकाने. मी म्हटलं, "संपलं?" ती म्हणाली, "खाली पेनाने एक ओळ आहे. 'बाबांना नेमकं काय झालं होतं?'"

तिने कोरा कागद पुढे ओढला. मग विचारलं, "काय लिहू?"

लिही म्हटलं, बाबांना पाणी झालं होतं. पाय सुजायचे, मग पोट, मग सगळंच. आमच्या वाडीत त्या आजाराला एवढंच नाव आहे. ऐकायला कमी यायचं, पण ते माझ्या बोलण्यामुळे असेल असं मी धरून चालले होते.

तू तेव्हा काय मागितलंस ते मी विसरलेले नाही. ते गेले, त्याच वॉर्डात, चादर अजून ओढायची होती आणि तू म्हणालीस, "एक सुई घालू दे मला. एक तुकडा. काय होतं ते कळेल तरी." मी म्हटलं, "माणूस गेलो गो. आता त्येका टोचू नको." तू म्हणालीस, "आई, तुला कळून घ्यायचंच नाही." तेराव्याला तू नव्हतीस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. नाही. तुझी ओळ वाचून शर्मिला मला म्हणाली, "म्हणजे घराण्यातला आजार बाबांकडून आलाय का, ते वन्सं विचारताहेत." मला ते न सांगताच कळलं होतं.

आणि तू स्वतःची लघवी तपासून घेतलीस का? तुझेही पाय लहानपणी सुजायचे. मी ते मिठाने शेकायचे. डॉक्टर झालेल्या मुलीला हे विचारणं शोभत नाही, पण विचारते.

मुंबईचा रिपोर्ट परवा आला. शर्मिलाने दोनदा वाचला. आत सगळ्या पेशी फाटलेल्या, भोकं भोकं, काहीच ओळखू येत नाही, अर्थ लावता येत नाही. शर्मिला म्हणते, लॅबने वाट लावली. म्हणो बापडी. ओरोसच्या कचेरीत दिवसभर लोकांचे दाखले लिहायचे, संध्याकाळी बसने येऊन पोरीचं पथ्याचं करायचं आणि वर माझी पत्रं. कुणावर तरी राग निघायला हवा.

सभेपुढे ठेवाच.

आई


दांडी, मालवण
२४ फेब्रुवारी २०२५

कावेरी,

या वेळेस तू पेनाने लिहिलंस. शर्मिला म्हणाली, अक्षर घाईचं आहे. मी हातात घेऊन बघितलं. मला घाई कळत नाही, पण कागदाला पाठीमागून बोटं लावली तर ओरखडे लागतात. दाबून लिहितेस.

तुमची सभा झाली म्हणे: आपापल्या शहरात बसून, पडद्यावर तीस-पस्तीस डॉक्टर. आमची अवनी क्रमांक सात. तू सचिव म्हणून सभा चालवत होतीस आणि सातव्याला एक शब्द बोलली नाहीस. सगळ्यांचं एकमत झालं: हा तुकडा वाटेत कुठेतरी गोठला. आत बर्फाचे खडे झाले आणि त्यांनी सगळं फाडलं. भोकं आहेत ती त्या खड्यांची. एक डॉक्टर म्हणाले, गोठल्याचा इतका स्पष्ट नमुना सहसा मिळत नाही, तंत्रज्ञांच्या शिबिरात दाखवायला हवा. आमची अवनी शाळेत कधी पहिली आली नाही. तुमच्यात आली.

हे वाचलं तेव्हा विराज जेवत होता. त्याने हात धुतले आणि म्हणाला, "मीच केलंय." रत्नागिरीला पिशवीतली थंड पाकिटं कोमट लागली म्हणून त्याने स्टेशनवरच्या सरबतवाल्याकडून बर्फ घेतला होता आणि डबीच्या भोवती लावला होता. शर्मिलाने पत्र खाली ठेवलं. मग म्हणाली, "पत्रकात लिहिलं होतं. मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं होतं. गोठवू नये." तो म्हणाला, "थोडोच होतो गो बर्फ." ती म्हणाली, "थोडा!"

त्या दिवसापासून तो पडवीत जेवतो. ताट मी देते.

तू विचारलंयस, डबी कुठे कुठे ठेवली होती त्याचा तासातासाचा हिशेब लिहून पाठवा. हॉस्पिटलातून शनिवारी सकाळी निघाली. घरी फ्रीजमध्ये. रविवारी सकाळी विराजबरोबर कुडाळ स्टेशन. गाडी. मुंबईत रात्रभर त्याच्या मित्राच्या फ्रीजमध्ये. सोमवारी लॅब. झालं.

(वन्सं, मी शर्मिला. हे आईंना न सांगता लिहितेय. दुसऱ्यांदा सुई घालता येईल का, तेवढं सांगा. पहिल्या वेळेस तिला चार दिवस लघवीतून रक्त गेलं होतं. इथले डॉक्टर टाळताहेत. अवनी मला विचारते, आत्या ते यंत्र चालवते तर मग तिला माझं का दिसत नाही? मी काय सांगू?)

शर्मिला मध्येच बरंच काय लिहीत होती. मी विचारलं, तर म्हणाली, तारीख. एवढी मोठी तारीख मी आयुष्यात बघितली नाही.

आई


मालवण बाजार
१२ मार्च २०२५

कावेरी,

हे पत्र गुरुदास लिहितोय. पोस्टातून रिटायर झालेला, तू त्याला ओळखतेस. तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. मी मासळीवाल्यांच्या रिक्षातून इथवर आले आणि घरात सांगितलं की दातांच्या डॉक्टरकडे जाते. मला किती दात उरलेत ते शर्मिलाला ठाऊक आहे. तरी तिने जाऊ दिलं.

गुरुदास विचारतो, "मावशे, सून लिवता मा तुझी पत्रां? मगे माझ्याकडे कित्याक?" मी त्याला म्हटलं, तू लिही, कळेल. आणि कळलं तर इथेच गिळ.

तुझं शेवटचं पत्र शर्मिलाने आठ दिवसांपूर्वी वाचलं. त्यात तू लिहिलंस की नुसत्या बर्फाने ते औषधाचं पाणी गोठत नाही. बर्फ शून्यावर असतो, डबी त्याहून थंड व्हावी लागते. सरबतवाल्याच्या बर्फाने हे झालेलं नाही. कुणीतरी ती डीप फ्रीजमध्ये ठेवली असणार, नाहीतर बर्फात मीठ घातलं असणार.

शर्मिला वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "मीठ कोण घालेल?" मग स्वतःच म्हणाली, "त्यांच्या मित्राने वरच्या कप्प्यात ठेवली असेल. आणि हे खोटं बोलले माझ्याशी, रत्नागिरीचं निमित्त सांगून." विराज पडवीत होता. त्याने ऐकलं. त्याला खरंच आठवेना की मित्राने कुठे ठेवली होती. तो म्हणाला, "असात. तसाच असात." गुन्हा कुठला तेही माहीत नसताना माझ्या झिलाने तो कबूल केला.

त्या रात्रीही ताट मीच पडवीत नेलं.

आता ऐक. चौदा डिसेंबर, शनिवार. विराज सकाळी डबी घेऊन आला, फ्रीजमध्ये ठेवली आणि तिकिटासाठी कुडाळला गेला. शर्मिला अवनीजवळ हॉस्पिटलात. तिने मला फोन केला, "आई, फ्रीजला हात लावू नका. ती गरम होता कामा नये." बारा वाजता लाईट गेली. मी एक वाजेपर्यंत वाट बघितली. फ्रीजमध्ये हात घातला तर आत आमच्या ओसरीएवढी ऊब. विराजचा फोन लागेना. शेजारी फ्रीज आहे, पण लाईट त्यांचीही गेलेली.

मी चाळीस वर्षं बंदरावर मासे विकले, गो. जीव गेलेली वस्तू राखायची कशी हे मला कुणी शिकवायचं? मी बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणवली. गोणपाटावर फोडली. थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, मध्ये डबी, वर बर्फ. आणि प्रत्येक थरावर जाडं मीठ, मूठ मूठ. गोव्याला सुरमई पाठवताना घालतो तसं. नुसता बर्फ वरवर गार करतो. मीठ मारलं की थंडी काट्यापर्यंत जाते. लांबच्या गाडीला द्यायच्या खोक्यातच मी ते घालायची, रोजच्या बाजाराला नाही. अवनीचा तुकडा मी रोजच्या बाजारासारखा कसा ठेवणार?

पाच वाजता लाईट आली. डबी बाहेर काढली, पदराने पुसली. आतलं पाणी घट्ट झालं होतं, पांढरं. मला वाटलं, बेस झालं. फ्रीजमध्ये परत ठेवली. सकाळपर्यंत ते पुन्हा पातळ झालं, विराज घेऊन गेला. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असंच वाटलं नव्हतं. रिपोर्ट चांगला आला की मग सांगणार होते, बघा, म्हातारीने राखला म्हणून.

डबीवर चिठ्ठी होती. तीन भाषांत लिहिलेली, शर्मिला नंतर म्हणाली. मला तिन्ही सारख्याच.

मग जानेवारीत शर्मिलाने ते पत्रक मला वाचून दाखवलं. मध्ये एक ओळ आली, नमुना कोणत्याही परिस्थितीत गोठवू नये. ती ओळ वाचून ती पुढे गेली. तुझं नाव तर त्याच्या कितीतरी खाली होतं. तू असल्या यंत्रावर काम करतेस हे कानावर होतं; तुला पत्र लिहायचं मी त्या ओळीलाच ठरवलं, पत्ता नंतर मिळाला. तुझी आठवण आली म्हणून लिहिलं असं तुला वाटलं असेल, तर तसं नव्हतं. मला वाटलं, तू आहेस आत, तू काहीतरी करशील, ते फाटलेलं परत जोडून वाचशील. तुमच्यात एवढे डॉक्टर, महिन्याला सभा, वर्षाला मेळावा, एकच तुकडा दहा गावांना पाठवून कोण काय ओळखतो ते ताडून बघता, असं तूच लिहिलंस. मग एका पोरीचं एवढं जमणार नाही का? आता कळलं, नाही जमत. तुझ्या अक्षरातही ते आहे म्हणे. शर्मिला वाचत होती, "माझ्या हातात काही नाही," तेव्हा तिचा आवाज बदलला.

तिने चोरून काय विचारलं होतं ते तुझ्या उत्तरातून मला कळलं. डॉक्टरांनी परवा सांगितलं, दुसरी सुई नाही. रक्तदाब वाढलाय, आधीच रक्त गेलंय, धोका घेणार नाहीत. रक्त कुठेतरी पाठवलंय, घराण्यातला दोष शोधायला. त्याला दोन महिने, आणि तेही दर वेळी उत्तर देतंच असं नाही. तोवर थांबता येत नाही. सोमवारपासून मोठं औषध सुरू करणार. अंदाजाने. पहिला आजार धरून.

दुसरा असला तर?

डॉक्टरांना शर्मिलाने हे विचारलं. त्यांनी सोमवारचा कागद लिहून पुढे सरकवला. अवनी तिथेच बसलेली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आजये, टॉस उडवतत माझ्यावर." मी म्हटलं, "छापा पडतलो." ती म्हणाली, "तुका काय म्हायत?"

तिला माझं बरं कळतं.

तुझ्या बाबांना टोचू दिलं असतं तर आज डॉक्टरांना अंदाज करावा लागला नसता. तुकडा मी नुसता फ्रीजमध्ये सोडून दिला असता, ऊब लागून थोडा बिघडला असता, तरी तुम्हाला त्यात काहीतरी वाचता आलं असतं, असं तूच कुठल्याशा ओळीत लिहिलंयस. एकदा मी हात लावू दिला नाही आणि एकदा स्वतःचा लावला.

तुमच्या सभेत एक सांग. चिठ्ठीवर अक्षरं घालता तिथे चित्र घाला. माझ्यासारखीला कळेल असं. कसलं, ते मला विचारा, मी सांगेन. फोटो शिबिरात दाखवायचा असेल तर दाखवा, माझी हरकत नाही. फक्त तो दाखवताना कुणी म्हणेल, कुठल्या अडाण्याने हे केलं, आणि हसतील. तू हसू नकोस. बाकीच्यांना हसू दे.

गुरुदास लिहायचा थांबलाय. म्हणतो, "मावशे, ह्या तू शर्मिलेक सांग. कावेरीक सांगून काय?" मी त्याला म्हटलं, तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ती म्हणाली, आई चहा ठेवू? दुसऱ्यांदा ती रडत होती. तिसऱ्यांदा विराज ताट घ्यायला आला आणि ती उठून आत गेली. मी ताट वाढून त्याच्या हातात दिलं. गुरुदास म्हणतो, "म्हणजे परत दुसऱ्याच्याच हातून." होय रे. दुसऱ्याच्याच हातून. माझ्या आयुष्यात कागदावरचं काम मी दुसऱ्या कुठल्या हाताने केलं?

म्हणून कावेरी, तू मला उत्तर पाठव. फोन करू नकोस, फोनवर मी काहीतरी चावटपणा करून सुटेन. पत्र पाठव. माझ्या नावाने, घरच्या पत्त्यावर. त्यात हे सगळं लिही. लाईट, बर्फ, मीठ, घट्ट झालेलं पाणी. विराजचा दोष नाही हे पहिल्या ओळीत. मला वाचवायला काही मऊ लिहू नकोस. गुरुदास हे स्पीड पोस्टाने टाकतोय, तूही तसंच टाक; सोमवारच्या आत यायला हवं, म्हणजे निदान औषधाच्या दिवशी पोरीजवळ आई-बाप एका बाकावर बसतील.

पाकीट शर्मिलाच फोडेल. नेहमीसारखी पायरीवर बसेल आणि मला मोठ्याने वाचून दाखवेल. मी तिच्यासमोर बसलेली असेन. ती जिथे थांबेल, तिथे मी तिला सांगेन, पुढे वाच.

आई
(अंगठा)